ऑल्डर्सबीची नऊ घरं

ऑड्री, तुझ्या अंत्यविधीला लोक पोट धरून हसले, हे सगळ्यात आधी सांगते. तुझ्या मुलाने, पीटरने, तू लिहून ठेवलेल्या सूचना वाचून दाखवल्या. लिलीची फुलं आणायची नाहीत, वासाने डोकं दुखतं. 'ती आपल्याला सोडून गेली' असलं काही म्हणायचं नाही, सरळ 'मेली' म्हणायचं. आणि मध्ययुगाला कुणी अंधारयुग म्हणालं तर त्याला सँडविच न देता बाहेर काढायचं. हे वाचताना पीटरने समोरच्या रांगेकडे अशा काही नजरेने पाहिलं की तुझे जुने विद्यार्थी एकमेकांच्या अंगावर कोसळले. रडणाऱ्यांसाठी तू एकही सूचना ठेवली नव्हतीस, म्हणून मी माझ्या मर्जीने रडले.

आज त्याला सोळा दिवस झाले. तुझ्या पदव्या, तुझी पुस्तकं, कुठून कुठे शिकवायला गेलीस, ते सगळं युनिव्हर्सिटीवाल्यांनी त्या दिवशी सांगितलं. त्यातलं अर्धं मला माहीतच नव्हतं. मला माहीत होती ती शनिवार सकाळची ऑड्री, जिच्या टेबलावर टोस्टचा चुरा आणि साडेसहाशे वर्षांपूर्वीची माणसं एकत्र पसरलेली असायची.

आपली ओळख पार्सलमुळे झाली. मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्ये आपण समोरासमोर राहत होतो, तरी वर्षभर फक्त कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना हात हलवण्यापुरताच संबंध होता. कुरियरवाल्याने माझं पार्सल तुझ्या दारात टाकलं, आणि मी ते न्यायला आले तर तू भिंग डोळ्याला लावून माझं नाव वाचत होतीस.

"संघमित्रा," तू एकेक अक्षर चावत म्हणालीस. "सम्राटाची मुलगी. बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून गेली, तीच ना?"

"लोक मला मित्रा म्हणतात," मी म्हटलं.

"लोक आळशी असतात," तू म्हणालीस आणि मला चहाला आत बोलावलंस.

मी दचकले होते, ते तुला कळलं का, कोण जाणे. ऑफिसात मी मित्रा, मुलीच्या शाळेत मी मित्रा, मराठी मंडळात तर मी मित्राच. ते नाव अर्धं करायला मला फार वर्षं लागली होती, आणि एका इंग्लिश म्हातारीने ते दारातच पुरं करून टाकलं. त्या दिवसापासून तू मला कधीही मित्रा म्हटलं नाहीस.

तुझे डोळे तेव्हाच जायला लागले होते. नजरेच्या मधोमध काळं डबकं आणि कडेकडेने उजेड. "तुझ्या चेहऱ्याऐवजी मला तुझे कान दिसतात," तू सांगितलंस, "चांगले आहेत." मी हसले, पण तू लगेच मुद्द्यावर आलीस. तुझं शेवटचं पुस्तक अर्धं राहिलं होतं, आणि वाचायला डोळे हवे होते. लॅटिन येत नसलेली, इतिहासाचा गंध नसलेली, डेटाबेसवर पोट भरणारी मी तुझ्या काय कामाची, असं मी विचारलं. "फार कामाची," तू म्हणालीस. "लॅटिन येणारी माणसं अंदाजाने वाचतात. तू जे दिसेल तेच सांगशील."

तसंच झालं. दर शनिवारी मी पोहे किंवा शेंगदाण्याची चटणी घेऊन यायचे, तू ती चटणी टोस्टवर थापून खायचीस आणि डोळ्यांतून पाणी काढत "अजून" म्हणायचीस. मग मी स्क्रीनवर तुझ्या जुन्या, शब्द आखडून लिहिलेल्या लॅटिन दस्तांचे फोटो मोठे करून अक्षर अक्षर सांगायचे. पी आहे, पायाला आडवी रेघ. "पर," तू म्हणायचीस. एन आहे, डोक्यावर टोपीसारखं काहीतरी. तू डोळे मिटून पुढचा शब्द सांगायचीस. दोन तासांत सहा-सात ओळी झाल्या तर तू खूश असायचीस. ऑफिसात एवढ्या वेळात मी हजारो नोंदी उडवते आणि माझा मॅनेजर नाखूश असतो.

तुझं गाव ऑल्डर्सबी. इंग्लंडच्या पूर्वेकडचं, चार-दोन शेतं आणि एक चर्च एवढंच. तिथली नऊ घरं जमिनीला बांधलेली होती. मालकाला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, मुलीचं लग्न लावायचं नाही, आणि घरातला कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाच्या दारी नेऊन बांधायचं. मालकाची कचेरी गावातच भरायची, आणि त्याचा कारकून जे घडेल ते कातड्याच्या लांब गुंडाळ्यांवर लिहून ठेवायचा. त्या नऊ घरांचं जगात दुसरं काही उरलं नाही. तू चाळीस वर्षं त्या गुंडाळ्या वाचत होतीस, आणि एकेका माणसाचं एकेक कार्ड करत होतीस.

तुझा जीव अडकला होता तो एका प्रश्नात. दर वर्षी त्या नऊ घरांतल्या एकाने मालकाचं काम बघायचं असे. म्हणजे बाकीच्यांना हाळी घालून वेठीला बोलवायचं, कापणीवर उभं राहायचं, आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. कुणालाच नको असलेलं काम. तर या वर्षी ते कुणी करायचं, हे ठरवत कोण होतं? इंग्लंडमधल्या त्या प्रोफेसरचं म्हणणं, मालकाचा कारभारी ठरवायचा. या अडाणी माणसांत आपसात काही ठरवण्याइतकी एकी कुठली. तुझं म्हणणं, घरं आपसात ठरवायची. यावरून तुम्ही दोघं वीस वर्षं भांडत होतात. तू आपल्या शेतकऱ्यांच्या प्रेमात पडली आहेस, असं त्याने छापून टाकलं होतं.

"पडले तर काय बिघडलं," तू म्हणायचीस. "पण प्रेमाला पुरावा लागत नाही, मला लागतो." आणि पुरावा तुझ्याकडे नव्हता. नावं होती, पण त्यांचा क्रम लागत नव्हता. चार-पाच वर्षं घरं ओळीने यायची आणि मग मध्येच कुठलंतरी घर उडी मारून पुढे जायचं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. तो तू कुणाला सांगितला नाहीस, ही तुझी मेहेरबानी. तुझी सगळी कार्डं मी महिनोन् महिने कॉम्प्युटरवर चढवत होते. एका शनिवारी तुला चकित करावं म्हणून मी आदल्या आठवड्यात बसून तो सगळा डेटा साफ केला. आम्ही ऑफिसात हेच करतो, ऑड्री. क्रम चुकलेली नोंद दिसली की ती चूक समजायची, दोनदा आलेलं नाव दिसलं की एक काढायचं. मी उडी मारलेली सगळी नावं काढून टाकली आणि तुला यादी वाचून दाखवली. एक, दोन, तीन करत नऊपर्यंत, आणि पुन्हा एक. किती छान क्रम लागला होता.

तू ऐकत होतीस. हातातला टोस्ट तसाच. मग विचारलंस, "मॉड कुठे आहे?"

"कोण मॉड?"

"विधवा. तिसऱ्या घरातली."

मी शोधलं. "ती चुकीच्या जागी होती," मी म्हटलं. "डुप्लिकेट धरून काढली."

तुझा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "साडेसहाशे वर्षं ती त्या कातड्यावर टिकली," तू म्हणालीस. "उंदीर, आग, पाणी, सगळ्यातून वाचली. तुझ्या हातात एक आठवडा टिकली नाही. आज तू घरी जा."

मी गेले. आणि खरं सांगते, रस्ता ओलांडेपर्यंत मी तुला मनातल्या मनात काय काय बोलून घेतलं. फुकटात राबते, सुट्टीचा दिवस घालवते, वर हे ऐकून घ्यायचं. घरी आल्यावर माझ्या मुलीला, रियाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मम, यू डिलीटेड अ विडो?" मग मला आणखी राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

जुनी फाइल होती, म्हणून वाचले. रविवारी सकाळी बसले आणि काढलेलं एकेक नाव परत त्याच्या जागी ठेवायला लागले. या वेळी प्रत्येक नावापाशी थांबत होते, म्हणजे पुन्हा बोलणी खायला नकोत. मॉडच्या घराची पाळी आली त्या वर्षी तिचा नवरा मेला होता. कारकुनाने बैल नेल्याचं लिहिलं होतं. म्हणून त्या वर्षी काम चौथ्या घराने केलं. पुढच्या फेरीत चौथ्या घराची पाळी आली, तेव्हा ते काम मॉडच्या नावावर तिच्या मुलाने केलं. मी खालची उडी पाहिली. तिथे एका घरातला कर्ता आजारी होता, कचेरीत येऊ शकला नाही असं लिहिलं होतं. शेजारच्या घराने पाळी घेतली, आणि पुढच्या फेरीत आजाऱ्याच्या घराने ती फेडली. मी आणखी एक पाहिली, आणखी एक.  यातली एकही चूक नव्हती. हे सगळं मला आधीच माहीत होतं.

मी भारतात दादांना फोन लावला. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो, हे तुला माहीत आहे. पोस्टातून रिटायर झाले, आता नाशिकला असतात.

"दादा, वडगावला येसकरकीची पाळी कशी असायची हो?"

"आज हे काय काढलंस सकाळी सकाळी?"

"सांगा तर."

त्यांनी सांगितलं. आमच्या महारवाड्यात पाच घरं. दर वर्षी एका घराने गावचं येसकर व्हायचं: वेस राखायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि दारोदार हाक घालून भाकरी मागून आणायची. "पाटलाला माणूस लागायचा," दादा म्हणाले. "कुठल्या घरचा, ते त्याने कधी विचारलं नाही. ते आम्ही ठरवायचो. मयत झाली, बाई बाळंत झाली, तर दुसरं घर पाळी घ्यायचं. मग ते फेडायचं."

"कुठे लिहून ठेवायचे का?"

"कोण लिहिणार? पाळी उलटीपालटी व्हायची, पण चुकत नव्हती."

मी पुढच्या शनिवारची वाट बघितली नाही. इथले मॅगपाय पक्षी माणसांच्या डोक्यावर झडप घालतात ते दिवस होते, तरी छत्रीही न घेता तशीच रस्ता ओलांडून तुझ्या दारावर थापा मारल्या. तू दार उघडलंस ती अजून रागातच. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मॉड, तिचा बैल, चौथं घर, आमची पाच घरं, ढोर ओढणं, सगळं एका दमात. तू खुर्चीची पाठ धरून उभी राहिलीस.

"पुन्हा सांग," तू म्हणालीस. "सावकाश."

मी सावकाश सांगितलं. तू हळूच खाली बसलीस. "कारभाऱ्याने ठरवलं असतं," तू स्वतःशीच बोलत होतीस, "तर परतफेड झालीच नसती. त्याला काय पडलंय कोण कुणाचं देणं लागतं याचं." आणि मग तुझा तो चेहरा. ऑड्री, तुझ्याकडे चाळीस वर्षं तो पुरावा पडून होता, आणि तू त्या क्षणी इतकी आनंदात होतीस की तुला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. तू माझा हात हातात घेऊन ओठांना लावलास. तुझ्या मिशा टोचल्या. हे मी पीटरला सांगितलेलं नाही.

मग तू कोरं कार्ड पुढे ओढलंस. "हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी."

"नाव?"

 मी म्हटलं, "नाव नको. 'एक भारतीय परिचित' असं लिही."

कारण मी तुला तेव्हा नीट सांगितलं नाही, आता सांगते. मेलबर्नला आले तेव्हा पहिल्याच वर्षी क्रेगीबर्नला मंडळाचं जेवण होतं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. मी केलेल्या मटणाच्या रश्श्याचं सगळे कौतुक करत होते. वैशालीने, जी आज माझी जिवलग मैत्रीण आहे, अगदी गोड आवाजात विचारलं, "आडनावावरून कळत नाही गं. आपल्यातलेच ना तुम्ही?" भोवती सात-आठ जणी होत्या. मी हसले आणि म्हटलं, "अगं, रस्सा थंड होतोय." तो प्रश्न मी तेव्हा टाळला, आणि मग बारा वर्षं टाळतच राहिले. मी काही खोटं बोलले नाही. फक्त खरं बोलायची वेळ येऊ दिली नाही, आणि त्याची इतकी सवय झाली की आपण लपतोय हेही विसरले. तुझ्या पुस्तकात दादांचं नाव, गाव आणि येसकरकी छापली, की संपलं.

तू हे ऐकून घेतलं असतंस तर कदाचित नरमली असतीस. पण मी सांगितलं नाही, आणि तू भडकलीस. "मी आयुष्यभर काय करत आले?" तू म्हणालीस. "कारकून लिहितो 'आणि आणखी एक', 'आणि त्याची बायको', 'आणि इतर'. त्या 'इतर'ला नाव शोधून द्यायला माझे डोळे गेले. आणि मी तुझ्या वडिलांना परिचित लिहू?"

"कोण वाचतं गं तळटीप," मी म्हटलं.

"माझे शत्रू फक्त तळटीपाच वाचतात. आणि हे तळटीपेत जाणार नाही. प्रकरणाच्या पहिल्या ओळीत जाईल."

यावर आपण आठ महिने भांडलो. काम चालू, चटणी चालू, भांडण चालू. तू म्हणायचीस, त्या माणसाला तरी विचार. मी म्हणायचे, विचारते. विचारलं नाही. दादांनी हो म्हटलं असतं हे मला ठाऊक होतं, आणि मला तीच भीती होती.

मधल्या काळात तू ते प्रकरण लिहिलंस, म्हणजे बोललीस आणि मी टाइप केलं. आणि ते तू सरळ त्या प्रोफेसरलाच पाठवलंस. मी म्हटलं, कशाला वाघाच्या तोंडात हात घालतेस. तू म्हणालीस, वाघालाच चावायचंय. सहा आठवडे काही नाही. मग एका शनिवारी त्याचा मेल आला, तुझ्या कॅन्सरच्या किमोच्या तिसऱ्या फेरीनंतर, तू शाल पांघरून बसली होतीस तेव्हा. मी वाचून दाखवला. त्याने लिहिलं होतं की वीस वर्षं तो चुकत होता, यापुढे आपल्या वर्गात तो तुझं प्रकरण शिकवणार आहे, आणि शक्य असेल तर तुझी माफी त्याला हवी आहे.

"पुन्हा," तू म्हणालीस. मी पुन्हा वाचला. "शेवटची ओळ पुन्हा." तीही वाचली. मग तू टोस्ट मागितलास. दोन आठवडे तुझ्या पोटात पाण्याशिवाय काही ठरत नव्हतं, आणि तू त्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दोन टोस्ट खाल्लेस. "लिही त्याला," तू तोंड पुसत म्हणालीस. "माफ केलं. पण मॉडची क्षमा त्याने वेगळी मागावी."

ऑड्री, किती माणसांना आपण जिंकलो हे आपल्या कानांनी ऐकायला मिळतं? तुला मिळालं. ते वाचणारी मी होते, याचा मला असा काही गर्व आहे की विचारू नकोस. तू गेल्याचं दुःख आहेच. रस्त्यापलीकडे पडदे ओढलेलं घर रोज दिसतं. पण त्या दुःखाच्या शेजारीच तू चटणी खात बसलेली असतेस, विजयी, ओठांना तिखट लागलेली.

आपली शेवटची भेट मात्र भांडणातच झाली. तू अंथरुणावर, मी उशी सारखी करत होते. "नाव?" तू विचारलंस. मी म्हटलं, "झोप आता." तू तोंड फिरवून घेतलंस. तीन दिवसांनी पीटरचा फोन आला.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तो पुस्तकाची छपाईची प्रुफं घेऊन माझ्या दारात आला. "मम सेड धिस इज यॉर्स," म्हणाला. मी ते प्रकरण उघडलं. पहिली ओळ: 'ऑल्डर्सबीच्या नऊ घरांचा नियम मला समजला तो' आणि पुढे मोकळी जागा, 'यांच्यामुळे.' समासात तू पीटरकडून लिहून घेतलं होतंस: 'ही जागा संघमित्रा भरेल. तिने ती मोकळी सोडली तर पूर्ण प्रकरण काढून टाकावं.'

पूर्ण प्रकरण. वीस वर्षांचं भांडण, प्रोफेसरची माफी, मॉड, तिचा बैल, सगळं. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि तुला मोठ्याने शिव्या दिल्या, मराठीत, म्हणजे नीट देता येतात. मेल्यावरही तू हटत नव्हतीस. रियाने येऊन ते पान वाचलं.

"सो जस्ट राइट ग्रँडपाज नेम," ती म्हणाली.

"तुला कळत नाही ते. सगळ्यांना कळेल मग."

"व्हॉट विल दे नो?"

मी बोलायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की पोटच्या मुलीलाही मी हे कधी सांगितलेलं नाही. तिला येसकर माहीत नव्हता, महारवाडा माहीत नव्हता. तिला चौदा एप्रिलची मेणबत्ती आणि खीर माहीत होती, एवढंच. मी तिला बसवून सगळं सांगितलं.  शेवटी ती म्हणाली, "अँड यू डिलीटेड देम टू?"  ते तिने तुझ्यासारखंच हळू आवाजात म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वैशालीने मला गाडीने तुझ्या अंत्यविधीला आणलं. सूचना वाचून झाल्यावर, लोक हसून थकल्यावर, पीटरने विचारलं, कुणाला बोलायचंय का. मी उठले. मी म्हटलं, माझं नाव संघमित्रा. ऑड्रीच्या शेवटच्या प्रकरणात एक नियम आहे, तो माझ्या घरच्यांचा आहे. माझ्या गावात आम्हाला अस्पृश्य मानायचे आणि वेठीची कामं आमच्या वाट्याला होती. ती कामं कुणी कधी करायची हे मात्र आम्ही ठरवायचो. इंग्रजीत बोलले, आणि एकही शब्द गाळला नाही. तुझे विद्यार्थी उभे राहिले, ऑड्री. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते त्यांना कळेना, म्हणून नुसतेच उभे राहिले.

परतताना वैशालीने गाडी फ्रीवेवर घेतली. मग म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस तेव्हा 'आपल्यातलेच ना' असं विचारलं होतंस."

"मी?" तिने आठवून पाहिलं, आणि तिला आठवलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "चुकलंच माझं." मग पॉइंट कुकचा एक्झिट चुकून पुढे निघून गेली आणि आम्ही दोघी उगाचच वेरिबीपर्यंत जाऊन आलो. काल ती डबा घेऊन आली होती. पूर्वीसारखं सगळं झालेलं नाही. पूर्वीपेक्षा बरं आहे.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशीच मी दादांना फोन केला. पुस्तक, ती मोकळी जागा, सगळं समजावून सांगितलं. "तुमचं नाव छापू ना?"



"माझ्या एकट्याचं कसं छापशील?" ते म्हणाले. "पाळी एकट्याची असती का? पाच घरं होती. लिहून घे."

मी लिहून घेतलं. दगडू. सखाराम. आमचे आजोबा किसन. चौथ्या घराची सखू, तिचा नवरा मुंबईला गिरणीत, पाळी तिनेच केली. पाचव्या घरापाशी ते अडले. "म्हातारा डोळ्यांसमोर आहे गं, पण आम्ही त्याला आबाच म्हणायचो. आबा नको लिहूस. थांब, गावात फोन करतो." तासाभराने त्यांनी उलट फोन केला. तीन जणांना विचारलं होतं, तिघांनीही एकच नाव सांगितलं होतं. नामदेव.

मी पाचही नावं आणि खाली सांगणाऱ्याचं, दादांचं नाव प्रकाशकाला पाठवलं. संपादकबाईंचं उत्तर आलं, फार सौजन्याने: ती जागा एका नावापुरती आहे, एवढी नावं घातली तर ओळी वाढतील आणि प्रकरणातली पुढची सगळी पानं नव्याने लावावी लागतील, एखादंच नाव चालेल का?

मी कळवलं, चालणार नाही. पानं नव्याने लावा.

लावली त्यांनी, ऑड्री. आज नवी प्रुफं आली. दगडू, सखाराम, किसन, सखू आणि नामदेव तुझ्या पहिल्या वाक्यात बसले आहेत, आणि त्यांना जागा देण्यासाठी प्रकरणातली सगळी इंग्लिश माणसं, मालक धरून, दोन ओळी खाली सरकली आहेत.